विहीणबाईंना, ग्रुपच्या बाहेरून

घाटंजी,
गुरुवार, दुपार

आदरणीय दीपमालाताई यांना घाटंजीहून जयाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल रोज लावता की आठवलं तर लावता? भगवानराव व्याह्यांचा गोड चहा बंद असेल असं धरून चालते (आमच्याकडे आले तेव्हा दोन कप प्यायले होते, पण ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, आता लिहिलं तेवढंच).

पत्र बघून दचकला असाल. आजकाल पत्र आलं की माणसं आधी दाराला टेकतात आणि मग उघडतात. घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. फोन का नाही केला, तर फोन कानाला लावला की तुमचा आवाज यायच्या आधीच मला रडू येतं, आणि रडणाऱ्या बाईचं बोलणं कोणालाच कळत नाही. आमचे शेजारी मारोतीभाऊ तुमच्या ढाणकीच्या बाजारात मिरची विकून आले आणि म्हणाले, तिकडे सगळे विचारतात, मुलीच्या आईचं या सोयरिकीत मन आहे की नाही? ताई, कणकेचा गोळा माझ्या हातातून खाली पडला. रविवारी माझ्या रंजिताचं आणि तुमच्या रवीचं साक्षगंध आहे, अंगठ्या घालायच्या आहेत. माझं मन नसतं तर मी तुमच्यासाठी तीन दुकानं फिरून मोरपंखी साडी आणली असती का? (साडी आणली आहे हे सांगायचं नव्हतं. असो.)

आता सगळं पहिल्यापासून सांगते. हा फोन रंजिताने घेऊन दिला आणि एका संध्याकाळी सगळं इंटरनेट शिकवून ती यवतमाळला नर्सिंगच्या परीक्षेला निघून गेली. इंटरनेट म्हणजे काय, तर ते सगळीकडे असतं, फक्त आपल्या घरात नसतं. आमच्याकडे ते पाण्याच्या टाकीजवळ सापडतं, म्हणून मी टाकीला टेकूनच सगळ्यांशी बोलते. डेटा म्हणजे रोजचा शिधा. दिवसाचा ठरलेला असतो आणि आमचे हे तो सकाळी दहाच्या आतच बैलांच्या शर्यती बघून संपवतात. पासवर्ड म्हणजे फक्त आपल्याला माहीत असलेला शब्द. तो मी विसरू नये म्हणून आठ जणींना सांगून ठेवला आहे. फॉरवर्ड म्हणजे शेजारून आलेली भाजीची वाटी चाखून न बघता पुढच्या घरी देणं. तुमच्या नणंदबाई बिजलीबाई रोज चाळीस वाट्या पाठवतात, त्यांचा हात मोठा आहे. स्टेटस म्हणजे आपण लावलेला फोटो, जो दुसऱ्या दिवशी आपोआप पुसला जातो, आणि तो कोणी कोणी पाहिला ते आपल्याला कळतं (माझ्या वडीभाताचा फोटो तुम्ही पाहिला होता, चांगलं म्हणाला नाहीत). आणि ओटीपी म्हणजे सहा आकडे, ते कोणालाच सांगायचे नाहीत. हे तर ओटीपी आला की चप्पल घालून अंगणात जातात आणि तिथे वाचतात. रंजिताने जाताना मला एकच गोष्ट दहादा बजावली, की फोन काहीही विचारो, तू नाही म्हण. ते मी अगदी तंतोतंत पाळते.

मग व्याह्यांनी साक्षगंधाचा ग्रुप काढला. नवरानवरीला त्यात घेतलं नाही हे बरं केलं, मोठ्यांच्या बोलण्यात त्यांचं काय काम. ग्रुप म्हणजे बैठक आणि ॲडमिन म्हणजे ती बैठक बोलावणारा, इतकं मला कळलं. आता तुम्हीच सांगा, त्रेचाळीस माणसांच्या बैठकीत आपण बसलो आहोत, तुमचे वडीलधारे जेठ बसले आहेत, आणि चुलीवर दूध उतू जायला आलं, तर न सांगता उठून जाणं बरं दिसतं का? मी ‘येते हो’ असं लिहायची आणि रीतीने बाहेर पडायची. खाली लाल अक्षरात तशी सोयच आहे, ‘ग्रुपमधून बाहेर पडा’. फोन विचारायचा, नक्की? (फोनच्या प्रश्नाला हो म्हटलं ते एवढ्या एकाच ठिकाणी, कारण दूध वाट बघत नाही.) व्याही पुन्हा आत घ्यायचे. मला वाटायचं, किती अगत्याचं घर आहे, दरवेळी स्वतः उठून दार उघडतात. कपडे वाळत घालायला बाहेर, दळणाला बाहेर, जेवायला बाहेर. तीन दिवसांत मी अकरा वेळा बाहेर पडले. बाकीचे सगळे झोपतानाही बैठकीतच कसे बसून राहतात, याचं मला नवल वाटायचं, थोडं वाईटही वाटायचं.

बाराव्या वेळी दार उघडलं नाही. मी टाकीजवळ तासभर उभी. शेवटी यांना विचारलं, तर यांनी हातातली पंपाची जळकी मोटार खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. “अवं, तू काय करून राह्यली? सोयऱ्याच्या बैठकीतून दिवसातून चारदा उठून जाऊन राह्यली! त्यायले वाटलं असन, बाई रुसली.” मी म्हटलं, मी तर सांगून जाते. तर म्हणे, तिथे सांगायचं नसतं, तिथे कोणी बसलेलंच नसतं.

आता तुम्हीच सांगा ताई, हे मला कोणी आधी सांगायला नको होतं का?

पण खरं सांगू, ग्रुपचं मला एवढं लागलं नाही. लागलं ते तुमचं. आपण दोघी रोज वेगळ्या बोलायचो, तुम्ही गुलाब पाठवायचा, मी चहाचा कप पाठवायचे. आज चार दिवस झाले, तुमच्याकडून एक पाकळी नाही. मी लिहायला गेले की फोनच मध्ये काहीतरी विचारतो आणि मी शिकवल्याप्रमाणे नाही म्हणते. तुम्ही माझ्यावर रागावा, चार शब्द बोला, पण अशा गप्प बसू नका. माझी एकच मुलगी आहे आणि ती तुमच्या घरी यायची आहे. आईचा खुळेपणा तिच्या खाती लावू नका. तुम्ही बोलत नाही म्हणून मला जेवण गोड लागत नाही.

व्याह्यांना, जेठांना जयभीम. रवीला आशीर्वाद.

आपली,
जया बळीराम मुनेश्वर

ता. क. : मला पुन्हा ग्रुपमध्ये घ्या. आता घर पेटलं तरी बाहेर पडणार नाही.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालत होते तोच रंजिता परीक्षा देऊन आली. तिने पत्र वाचलं, फोन पाहिला आणि खाली बसून हसायला लागली. मग म्हणाली, “माय, त्या गप्प नाही. तूच ब्लॉक केलं त्यायले.” ब्लॉक म्हणजे समोरच्याचं काहीच आपल्यापर्यंत येऊ न देणं. ताई, आपल्या दोघींच्या बोलण्यात ‘बाहेर पडा’ असं कुठेच नव्हतं, म्हणून मी मागच्या रविवारी झोपताना तशीच खालची लाल ओळ दाबून तुमचा निरोप घेतला होता. त्याखाली तक्रारीची ओळ आहे, तीही दाबली आहे. आणि लिहायला गेले की फोन मध्ये विचारायचा ते ‘ब्लॉक काढू का’ असं होतं. रंजिता म्हणाली, मीच कळवते त्यांना. मी म्हटलं नको, माझी चूक माझ्या हाताने जाऊ दे. मारोतीभाऊ उद्या सकाळी पत्र घेऊन येतील. मी आता फोनला हात लावत नाही.

ता. क. तिसरा : रंजिताने ब्लॉक काढला आहे. पण ती म्हणते, चार दिवसांत तुम्ही जे लिहिलं असेल ते आता कधीच येणार नाही. रागाचं लिहिलं असेल तर बरंच झालं. मायेचं लिहिलं असेल तर रविवारी माझ्याजवळ बसून पुन्हा सांगा, मी उठणार नाही.