हाडमोड्या तापाची ओळख

माय, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढी आता माझी सून आहे. त्यामुळे तुला लिहायला बसले की आईशी बोलते आहे की एखाद्या पोरीला चार गोष्टी सांगते आहे, तेच कळेनासं होतं. माझी शाळा तुझ्या जाण्यानं सुटली, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तू बोलायचं नाहीस. सांगायचं आहे ते तापाबद्दल. आधी माझा, मग तुझा.

मी लेकाकडे जळगावला असते. मागल्या साली पाऊस सरताना आमच्या गल्लीत घरोघर ताप आला. सरकारी माणसं बॅटरी घेऊन आली, आमच्या कूलरच्या टाकीत डोकावली आणि म्हणाली, आजी, इथे डासांचं बाळंतघर उघडलंय. मी म्हटलं, तुम्ही नळ रोज सोडा, मी टाकी रोज ओतते. पण आतल्या वळवळत्या अळ्या पाहिल्यावर तोंड मिटलं. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टरीण होती. आजाऱ्यांचं रक्त घेत होती ते ठीक, पण ती माझ्याकडेही सुई घेऊन आली. पडलेले सोडून म्हातारीचं उरलंसुरलं काढता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, जे पडले नाहीत ते का पडले नाहीत, हेही बघायचं असतं. हे मला पटलं. न पडलेल्या माणसाची चौकशी करणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. दिला हात पुढे.

रक्त पुण्याला गेलं. दिवाळी झाल्यावर ती परत आली, ओट्यावर बसली, आणि मी चहा गाळत असताना म्हणाली, "आजी, हा ताप तुम्हाला येऊन गेलाय. पण यंदा नाही, फार पूर्वी. लहानपणी कधी हाडं मोडतील असा ताप आला होता का?"

मी गाळणं खाली ठेवलं. माय, मला काल कोणती भाजी केली ते सांगता येत नाही. आणि माझ्या रक्ताला सोनगीरजवळच्या आपल्या घरातला ताप अजून आठवत होता. मी पोरीची बाई झाले, बाईची म्हातारी झाले, धरणगावच्या जिनात कापूस निवडत अर्धा जन्म गेला, नवरा गेला, दात गेले. आणि आत कोणीतरी इतकी वर्षं न झोपता त्या एका तापाची वाट बघत बसलंय. माझ्या अंगात माझ्याहून शहाणं कोणी राहतंय, आणि मला पत्ताही नाही.

कसं ते मी तिला विचारत सुटले. ती म्हणाली, डासाच्या डंखातून विषाणू आत येतो. तो इतका बारका की दवाखान्यातल्या साध्या दुर्बिणीलाही दिसत नाही. त्याच्या अंगावर पकडायच्या जागा असतात. त्यांनी तो आपल्या पेशीला चिकटतो आणि दार उघडून आत शिरतो. रक्तात बेचकीच्या आकाराच्या वस्तू फिरतात, त्या नेमक्या त्याच जागांवर जाऊन बसतात. मग त्याला चिकटता येत नाही. मला शेतातला गोखरू आठवला. लुगड्याच्या काठाला धरला की सुटत नाही, पण त्याच्या काट्यांना कापूस गुरफटला की तोच गोखरू नुसता गोळा होऊन पडतो. मी तसं म्हटलं तर ती हसली. म्हणाली, तसंच, फक्त कुठलाही कापूस चालत नाही, त्या काट्याच्या मापाचाच लागतो.

मग हे माप घेतं कोण, असं मी विचारलं. आणि माय, तिनं जे सांगितलं त्यानं मी आजवर थक्क आहे. कोणी घेत नाही. अंगात आधीपासूनच अगणित शिंपी बसलेले आहेत, प्रत्येकाकडे वेगळ्या मापाचा एकच नमुना, कधी न पाहिलेल्या, कदाचित कधी न येणाऱ्या आजारासाठी शिवलेला. आजार आला की ज्याचा नमुना बसतो तोच उठतो, त्याचे हजार होतात, शिवत सुटतात. बाकीचे तसेच बसून राहतात, जन्मभर, आपली वेळ न येता. ताप उतरला की त्या हजारांतले थोडे जुने शिंपी हाडांच्या पोकळीत मुक्कामाला राहतात. मला वाटायचं माझ्या हाडांत फक्त दुखणं आहे.

तो दिवस मला अजून दिसतो. मी गोधडीवर पडलेली. डोळ्यांमागे कोणी खिळा मारतंय. तू कळण्याची भाकरी थापता थापता उठतेस, पिठाच्या हातांनीच माझे पाय दाबतेस, मी रडते तर म्हणतेस, आवाज कमी कर, शेजाऱ्यांना वाटेल मी मारतेय. मग तू तांब्याभर पाणी घेतेस. माझ्यावरून ओवाळतेस, दाराकडे तोंड करून म्हणतेस, मनी पोरना ताप मना अंगवर येवो, आणि एका दमात पिऊन तांब्या उंबऱ्यावर पालथा घालतेस. मला उतार पडला आणि तू पडलीस. तुझ्या हिरड्यांतून रक्त आलं. मी भाकरी खायला लागले तेव्हा तू नव्हतीस. बाया म्हणाल्या, मायनं पोरीचं मरण पिलं. कौतुकानं म्हणाल्या. सासरी तेच कौतुकाशिवाय ऐकलं, मायला खाऊन जगलेली. माझ्या जिभेला धार आली ती तिथून.

हे मी डॉक्टरणीला सांगितलं, कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते. तिनं तोंडदेखलं काही म्हटलं नाही. म्हणाली, त्या पाण्यात काही नव्हतं, आजी. तुम्हाला चावला तोच डास, नाहीतर त्याचा भाऊबंद, आईला चावला असणार, एकाच घरात होतात तुम्ही. मग मी का वाचले आणि माय का नाही, मी विचारलं. या तापाचे चार सख्खे भाऊ आहेत, म्हणाली. एकाची ओळख झाली की तो पुन्हा सहसा त्रास देत नाही. पण दुसरा आला की जुनी बेचकी त्याला ओळखते, धरते, त्याचं तोंड मात्र नीट बंद करू शकत नाही. उलट तिच्याच आधारानं तो आत शिरतो. तुमच्या आईला आधी एखादा येऊन गेला असेल तर तसं झालं असेल. खात्रीनं कोण सांगणार. म्हणजे नुसती ओळख पुरत नाही, अर्धी ओळख तर घातच करते. चांगली माणसं मी अशी पाहिली आहेत, पण रक्तही असं असेल हे ठाऊक नव्हतं.

यंदा नातीला तोच ताप आला. दवाखान्यात सलाइन चालू, अंगावर बारीक लाल ठिपके. दुपारी ताप उतरला म्हणून मी देवाला हात जोडणार, तोच तिथली डॉक्टरीण म्हणाली, खरी काळजी आता आहे, ताप उतरल्यावरच ही पोरं खचतात. हे सुनेनं ऐकलं. मी औषध आणून परत येते तर ती खाटेपाशी उभी, हातात तांब्या, ओवाळून झालेलं, डोळे मिटलेले. तिला कोणी शिकवलं नव्हतं. किंवा तिच्या मायनं शिकवलं असेल.

मी तांब्या हिसकावला. पाणी सांडलं, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"पोर वाचनी आन तू गयी, तं लोके तिले जगू देतीन का? जनमभर तुना हिसेब तिनीच देवाना का?"

मी सुनेशी इतक्या वर्षांत मिठाचं प्रमाण आणि कपड्यांचा पीळ याखेरीज काही बोलले नव्हते. ती खाली बसली आणि नातीचे पाय दाबू लागली, तुझ्यासारखेच, अंगठ्यानं. नात वाचली. आता भाकरी खाते, आणि तोंडानं माझ्यावर गेली आहे. तिच्या हाडांतही आता शिंपी बसले असतील. मी नसेन, सून नसेल, तेव्हाही ते जागे असतील.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, सुनेला तर मुळीच नाही. तिला मी सांगितलं आहे की तांब्या व्हरांड्यातल्या मोरीत ओतला. मोरीपर्यंत गेले होते. पाण्यात काही नसतं हे मला चांगलं कळलेलं आहे, चार भाऊही कळलेले आहेत, आणि माझी ओळख त्यांतल्या कोणाशी हे मला माहीत नाही. तरी पोरीचं दुखणं कोणावर पडलंच तर ज्याच्या रक्तानं एकदा या तापाचं तोंड पाहिलंय त्याच्यावर पडावं, असं वाटलं. उरलेलं सगळं प्यायले.