पेरिस्कोपातून देवळी

८ नोव्हेंबर २००५
आलो एकदाचा देवळीत. बंडूजींच्या इंटरनेटच्या दुकानात नोकरी आणि मागच्या दोन खोल्या राहायला. नागपुरात एवढ्या पगारात खुराडंही मिळालं नसतं. लग्नाला सहा महिने झाले, पण आमचं दोघांचंच असं घर हे पहिलं. मंजुषा तर सकाळपासून गुणगुणतेय. खिडकीसमोर गल्ली, पलीकडे जिनिंगचं आवार, त्यात कापसाचे पांढरे ढीग. झकास!

एकच घाण. आधीच्या ऑपरेटरने तंबाखू-सुपारीचा खर्रा खात खात कीबोर्ड वापरलेला. कळा चिकट, माऊसच्या पोटात केस आणि ओल्या सुपारीचा भुगा. काडीने खरवडून काढला, मग जेवणच गेलं नाही. बंडूजी म्हणाले, एवढं काऊन मनाले लावून घेता, पुसून टाका न जी.

१४ नोव्हेंबर
दुपारी गिऱ्हाईक नसतं. मशीनवर त्याच ऑपरेटरने टाकलेला पाणबुडीचा गेम आहे. पेरिस्कोपातून जहाज शोधायचं आणि पाण्याखालून टॉर्पेडो मारायचा. नेम आपोआप धरायची सोय आहे, पण ती काय मर्दुमकी? मी बंद केली. हाताने मारायचं तर डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढा, घड्याळ लावून वेग काढा, कुठल्या कोनात चाललंय ते बघा. मारायचं कुठे, तर जहाज आत्ता आहे तिथे नाही, थोड्या वेळाने पोचेल तिथे.

सगळे हुकले. मंजुषा म्हणाली, समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही आणि चालले जहाजं बुडवायला.

२१ नोव्हेंबर
युक्ती सुचली. नजर बसवायची तर गल्लीतल्या माणसांवर. हात ताणून अंगठा धरायचा, माणसाची उंची ठाऊक असली की अंतर निघतं. आज जिनिंगच्या वजनकाट्यावर गाड्या मोजणारे नत्थूजी सापडले. त्यांची चाल घेतली, कोन घेतला आणि गंमत म्हणून तेच आकडे गेममध्ये टाकले. समोर जे जहाज होतं त्याच्या बरोब्बर मधोमध! तेलाचा काळा तवंग पसरला, जहाज मोडून गेलं. मी टाळ्या पिटल्या.

२२ नोव्हेंबर
नत्थूजी गेले. कापसाच्या ढिगावर उताणे सापडले. मी बघायला गेलो, जायला नको होतं. अंग फुगून पांढरंफटक, बोटांची कातडी सुटलेली, तोंडातून पाणी. थांबेचना ते. काळं तेल आणि सडक्या मासळीचा वास. ओठांवर मिठाचा थर आणि त्यावर माशा. खालचा कापूस तोंडाजवळ तेवढा भिजलेला, बाकी कोरडा ठणठणीत. बंडूजी सारखे म्हणत होते, विहीर नाई, नाला नाई, मानूस बुडला कसा म्हंतो मी. भिंतीआड जाऊन ओकलो.

२८ नोव्हेंबर
आठवडाभर मशीनकडे बघवत नव्हतं. पण बसून बसून करायचं काय? आज आनंदाबाईंवर नजर बसवली. सरकी झाडतात त्या, टोपलं घेऊन सावकाश चालतात. त्यांचे आकडे टाकले, पहिल्याच टॉर्पेडोत जहाज उडालं. हात बसला आता.

२९ नोव्हेंबर
मंजुषा चार वाजता शिवणक्लासला गेली. खिडकीतून तिचीच चाल घेतली. बायकोवर नेम धरला म्हणून हसूही आलं. टॉर्पेडो सोडला आणि तेवढ्यात लोडशेडिंग! अर्ध्या वाटेत पडदा काळा. हुकला की लागला, काही कळलंच नाही.

३० नोव्हेंबर
आनंदाबाई. सरकीच्या गोदामात. तेच फुगलेलं अंग, तेच पाणी, तोच वास. कानातूनसुद्धा —

दोघांचे आकडे मीच टाकले होते. त्यानंतर मंजुषाचे.

स्वतःच्या हातांची शिसारी येते. साबणाने तीनदा धुतले. तेलकटपणा जात नाही.

१ डिसेंबर
मशीनची वायर उपटली. मंजुषाला काही सांगितलं नाही. काय सांगू? माठातल्या पाण्यावर तवंग. ओतून दिलं. नवं भरलं, तेही खारट. फरशीखाली घुर्रर्र आवाज, दुरून येतो, दूर जातो. बंडूजी म्हणाले, जिनिंग हाय न ते, दुसरं काय राहीन. जिनिंग आज बंद होतं.

२ डिसेंबर
दुपारी मी चहाला गेलो आणि बंडूजींनी कुण्या गिऱ्हाइकासाठी मशीन चालू केली. आलो तर पडद्यावर तोच गेम. जिथे थांबला होता तिथून पुढे. टॉर्पेडो अजून वाटेत. काही दाबा, बंद होत नाही. वायर काढली तरी नाही.

चार वाजलेत. मंजुषा निघाली —

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
धावत जाऊन तिला दुकानासमोर अडवलं. आत आणून स्टुलावर बसवलं. हलू नको म्हटलं. चालणाऱ्यावर धरलेला नेम, बसलेल्याला कसा लागेल? शेजारीच बसून लिहितोय, तिच्यावर नजर ठेवून. ती हसतेय. म्हणते, काऊन असं करून राह्यले, क्लासले उशीर होते. लोडशेडिंग झालं त्या दिवशीही झाला म्हणे, चपलेचा अंगठा तुटला होता, पाय फरपटत फरपटत —

फरपटत.

मी तीच चाल धरली होती. फरपटती. रोजच्या चालीने गेली असती तर एव्हाना गल्लीपार असती. टॉर्पेडो तिच्या मागून गेला असता. मीच थांबवली. नेमकी तिथे, जिथे तो पोचणार —

आवाज फरशीखाली. जवळ.

ऊठ म्हटलं. पळ म्हटलं. उठली. पायाशी पाणी. वास तोच. तिने तोंड उघडलं, काही सांगायला, आणि आतून —