भाऊजींची कादंबरी, पान शहाण्णव

रविवार, ५ जानेवारी

पान ४१. अजून नदीच वाहतेय. माणूस एक आलेलं नाही.

एकनाथ भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शाळेतून निवृत्त झाले आणि कादंबरी लिहिली. पदरमोड करून छापली. चारशे बारा पानं! पौडहून एसटीनं आले, पुस्तक माझ्या हातात ठेवलं. घरात वाचणारी तूच म्हणाले, संक्रांतीला येईन तेव्हा सांग कशी वाटली.

ह्यांनी नुसतं वरचं चित्र बघून ‘एक नंबर’ म्हणून टाकलं. सुटले.

मंगळवार, ७ जानेवारी

पर्यटकांना भाड्यानं देतो त्या दोन्ही खोल्या पुण्याच्या पाहुण्यांनी भरलेल्या. भाकऱ्या, पिठलं, परत भाकऱ्या. दुपारी पान ५८ वर डोळा लागला.

गुरुवार, ९ जानेवारी

पान ७३. आज लक्षात आलं, ह्यातली नायिका म्हणजे सुनीतीताई. भाऊजींची बायको, माझी जाऊ. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नाव बदललंय, पण हनुवटीवरचा तीळ तोच.

बाकी काहीच त्यांचं नाही. ही बाई उसासे टाकते, मुकाट सोसते, दिवा लावून वाट बघत बसते. ताई? ताई हसल्या की चार घरं पलीकडे कळायचं. वानरानं कैऱ्या पळवल्या तेव्हा पदर खोचून कौलावर चढल्या होत्या, आणि वरूनच त्याला शिव्या घालत होत्या. खाली शिडी धरून भाऊजी, घामाघूम.

ते कुठंय ह्या पुस्तकात?

शनिवार, ११ जानेवारी

पान ९६. पुढं जाववेना. पान उलटायचं म्हटलं की हात भांड्यांकडे जातो.

वाल सोलताना सासूबाईंना विचारलं, न आवडणारं पुस्तक कितपत वाचावं? त्यांना अक्षरओळख नाही, पण उत्तर तयार होतं.

“शेंगदाणा खवट लागला तर समदा चावतीस व्हय? थुकायचा.”

मी म्हटलं, आत्या, शेंगदाणा तुमच्याच लेकाचा आहे.

त्यांनी दोन शेंगा सोलल्या.

“मग त्येला सांगून थुक.”

पुस्तक फळीवर ठेवलं. लई हलकं वाटलं. आता सांगायचं कसं?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायच्या दिवशीच माझ्यावर ही वेळ!

भाऊजी जेवायला बसले. गुळपोळीवर तूप पडलं आणि विचारलंच. ‘छान आहे’ अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढं काय, उरलेली तीनशे पानं पण छान म्हणायची? म्हटलं, भाऊजी, शहाण्णवव्या पानावर सोडली.

ते रागावले नाहीत. सगळे पूर्ण वाचली म्हणतात, पण आत काय आहे ते कुणाला सांगता येत नाही, म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “का सोडलीस?”

“त्यात ताई भेटत नाहीत, भाऊजी. शहाण्णव पानं शोधलं.”

पोळी अर्धीच राहिली. हात धुतले, टोपी घातली आणि निघाले.

हे माझ्यावर चिडले. वयाचा तरी मान ठेवायचास, म्हणाले. सासूबाई आतून म्हणाल्या, “वाल्मीक, तू पान तरी उघडलंस का रं?”

हे गोठ्याकडे गेले.

गुरुवार, १६ जानेवारी

भाऊजींचा फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

रविवार, १९ जानेवारी

भाऊजी आले. दारातूनच एक जुनी वही दिली. ताईंची आहे. त्या लिहायच्या हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षं उघडायचा धीर झाला नाही, संक्रांतीला घरी जाऊन उघडली, म्हणाले. “पाच दिवस एकटाच हसतोय, शुभांगी. आता तू वाच.”

पहिलीच ओळ: ‘हे बोलायला लागले की मी मनातल्या मनात गावातल्या म्हशी मोजते.’

पाहुण्यांचं जेवण आज तासभर उशिरा.