दिवस अजून मावळला नाही

वाशीम,
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय त्रिशलाताई,

जय जिनेंद्र. जिजाजींना नमस्कार सांगा.

इकडे पाऊस बरा आहे, ह्यांचं दुकान बरं चाललंय, मी बरी आहे. फोनवरही मी तुम्हाला एवढंच सांगत असते. आई शेजारीच बसलेल्या असतात, आणि तुमचा आवाज ऐकला की मला खरं बोलवत नाही. म्हणून आज कागद घेतला.

तुमच्या आई आता ह्यांना कधी ओळखतात, कधी दुकानातला नोकर समजून दाराबाहेर उभं करतात. मदतीला सुकेशनी म्हणून एक बाई ठेवली होती, ती आठ दिवसांत गेली. तिने साड्या चोरल्या असं आई गल्लीभर सांगत होत्या. साड्या मीच धुवायला टाकल्या होत्या.

ताई, सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या पन्नास वर्षांच्या चौविहाराबद्दल पर्युषणातल्या संवत्सरीला आईंचा सत्कार व्हावा म्हणून तुम्ही मंडळात त्यांचं नाव दिलंत. ते मागे घ्या.

जेवल्याचं त्यांना आठवतच नाही हो. पाचला पोटभर जेवतात आणि दिवेलागणीला रडायला लागतात, “दिवसभर मले कोनी जेवू नाही घातलं.” महिनाभर समजावलं. मग एका संध्याकाळी मी थकले. खिडक्या लावल्या, घरातले सगळे दिवे लावले आणि ताट वाढलं. “दिवस मावळला काय?” त्यांनी विचारलं. माझं नाव विसरल्या, पण हे नाही विसरल्या. मी म्हटलं, “नाही आई, उजेड आहे अजून.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून रोज हेच चाललंय.

इथवर लिहून दोनदा उठले. पुढचं माझं स्वतःचं आहे.

सूर्यास्तानंतर मीही पाणीसुद्धा घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण दिवसभर त्यांच्या मागे धावताना संध्याकाळचं माझं जेवण राहून जातं, ते थेट सकाळपर्यंत. परवा घास घेता घेता त्या थांबल्या.

“तुयं ताट कुठी आहे?”

“मी नंतर जेवते, आई.”

“नंतर कायले? दिवस आहे न अजून? मंग बस. तोंड कसं सुकून गेलं तुयं!”

आणि त्यांनी आपल्या ताटातला घास माझ्या तोंडापुढे धरला. नाही म्हटलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, असं मी तुम्हाला सांगू शकते. पण मला भूक लागली होती, ताई. कित्येक महिन्यांत मला कोणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. मी रडत रडत दोन पोळ्या खाल्ल्या. ह्यांना सांगितलेलं नाही.

त्यात पाप असेल तर दोघींचं मला लागू दे. सत्काराला येणारच होतात, तर तशाच या, पण राहायला या. पंधरा दिवस आईंना तुम्ही भरवा. मला एकदा खऱ्या उजेडात, खाली बसून जेवायचं आहे.

संवत्सरीपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून आजच क्षमा मागते, मिच्छामि दुक्कडम्.

तुमची थकलेली भावजय,
रुचिका