बोंबलांखालची पंगत

१४ मार्च, सोमवार
शाळेतली खिचडी परत चालू होणार. इतके दिवस कच्चे तांदूळ पिशवीत घालून देत होते, आता शिजवून. हेडबाईंचा निरोप आला, आयांनी उद्या मीटिंगला या. सुरेखा टोपली उचलता उचलता म्हणाली, "आई, तुम्ही जा. आमची मानसी पोरांत बसून जेवणार नाय, तेवढं सांगून या." सून माझी, पण हुकूम असा सोडते की मी तिच्या बोटीवरची खलाशी.

मानसी कोंबड्यांशी बोलत बसलेली. नात आता तिसरीत जाईल म्हणे. पहिली-दुसरी मोबाईलवर झाली, आणि रेंज येते ती फक्त विहिरीच्या काठावर. दुकानाची पाटी वाच म्हटलं तर म्हणते, "आजी, ती वाचायची नसते, तिथनं बिस्किट आणायचं असतं." मी चौथी नापास, पण पाटी वाचते.

१५ मार्च
मीटिंग. मास्क सगळ्यांच्या हनुवटीवर. हेडबाई म्हणाल्या, वर्गात दाटीवाटीनं जेवायला बसवायचं नाही, बाहेर बसवू. कुठे, ते तुम्ही ठरवा. झालं, बाजार भरला.

अंगणात सावली नाही. शेजारीण हिराबाई म्हणाली, सुरूच्या झाडांखाली बसवा. मी म्हटलं, दुपारच्या वाऱ्यात ताटात खिचडी कमी आणि वाळू जास्त. दुकानवाली जागृतीबेन म्हणाली, ज्याचा त्याचा डबा घरून. तेव्हा मागून सोमीबाई बोलली. रानशेत गावची, इथे वाडीत चिकू तोडायला येते. "आत बसवा, बाहेर बसवा, पण शिजवा. माझी दोघं खिचडीसाठी तरी येतील." मग कोणी डब्याचं नाव काढलं नाही.

मी म्हटलं, शाळेच्या भिंतीला लागून बोंबील सुकवायच्या वलांड्या आहेत. बांबूवर बोंबील टांगले की खाली सावली पडते, आम्ही बायका तिथेच तर भाकर खातो.
हिराबाई लगेच, "कोणाच्या वलांडीखाली?"
"माझ्या."
तोंडातून गेलं ते गेलं. सुकवणीचे हेच खरे दिवस आणि मी जागा देऊन आले. सुरेखाचं 'नाय' सांगायचं राहिलंच.

१९ मार्च, शनि.
शिमगा झाला. होळीपुढे सगळा पाडा खांद्याला खांदा लावून नाचला. सुरेखा घरात. मी म्हटलं, होळीला सगळे एकत्र चालतात, पोरं जेवायला बसली की रोग येतो काय? मास्क लावून काय नाकातून जेवायचं?
ती म्हणाली, "माझा भाऊ पंगतीतच बसला होता."
 करोनातल्या लग्नातली पंगत ती. परत आला तो तापानेच, मग दवाखाना, मग नाहीच. तोंड बघायला मिळालं नाही हिला. तेव्हा रडली नाही, दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन मार्केटात गेली. मला वाटलं होतं, बाई घट्ट आहे.
शेवटी तोड निघाली. मानसी शाळेत जाईल, पण घरचा डबा घेऊन पायरीवर एकटी जेवेल.

२१ मार्च, सोम.
आज इज्जत गेली.
पहाटे बोट आली, माल चांगला. सवयीनं हात चालले, बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून सगळी वलांडी भरून टाकली. ओला माल! खाली पोरं बसायची आहेत हे डोक्यातच नाही. बारानंतर पोरं रांगेत बसली, मध्ये अंतर सोडून, बाईंनी वाढलं, आणि वरून टप. टप टप. सगळ्यांच्या खिचडीत बोंबलाचं पाणी.

जागृतीबेन भिंतीपलीकडून बघतच होती. "अमारे त्यां माछलुं ना चाले, मावशी! तुमने काय समजके टांगा?" त्यांच्या घरात मासळी शिवत नाहीत, आणि रागाने तिच्या तीन भाषा एकत्र होतात. तिचा भावेश मात्र ताट पुढे करून, "बाई, अजून वाढा." आईने दंडाला धरून नेला.

हिराबाई म्हणाली, "अगो, मीठ तरी कमी लागलं असेल." आता वर्षभर हेच ऐकायचं.
मानसी पायरीवर बसून पोट धरून हसत होती. एकटीच. शेजारी कोणी नाही ज्याला कोपर मारून दाखवेल.

२२ मार्च
सकाळी वलांडी बदलली. ओला माल पार टोकाला, कडकडीत सुकलेला शाळेच्या बाजूला, कावळे येऊ नयेत म्हणून वर जुनं जाळं. माझी अर्धी जागा गेली, उरलेला ओला माल हिराबाईच्या बांबूवर टांगायला लागला. तिने बोलून दाखवलंच, पण बांबू दिला.
जागृतीबेनच्या घरी जाऊन आले. म्हटलं, चुकले. ती म्हणाली, बसा, चा घ्या. भावेश घरी जेवत नाही म्हणे, खिचडीच मागतो. आता तो पार कडेला बसेल, जाळ्याखाली, जिथे वर काहीच टांगलेलं नाही. मिटलं.

२४ मार्च
आपल्या घरचं मिटायचंय. मानसी शाळेत जायला तयार नाही. "मी पायरीवर नाय बसणार. सगळी बघतात. मला काय झालंय?"
सु.ने फटका दिला. मग स्वतःच ओट्यावर जाऊन बसली, पाठ करून. मी मध्ये पडले नाही. पोरगी दिवसभर कोंबड्यांत.

२८ मार्च, सोम.
सुरेखा मार्केटातून लवकर आली, टोपलीत अजून मासळी होती. घरी न येता वलांडीच्या टोकाला उभी. मी बोंबील फिरवत होते, पाहिलं, पण हाक मारली नाही.
पोरं जेवत होती. सोमीबाईची धाकटी शेजारच्याच्या ताटाकडे हात लांबवत होती, बाईंनी डोळे वटारले. वारा चांगला सुटलेला. सु. बघत राहिली. सगळी उठून ताटं धुवायला गेली तरी उभी.
घरी आल्यावर म्हणाली, "वारा असतो तिथे."
मी म्हटलं, "असतो."
"मांडव बंद होता त्या लग्नात."
मी उठून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. कधी नव्हे ते.

२९ मार्च
सु.ने स्वतः पंगतीसाठी ताट घासून दिलं. कडेला बसायचं, कोणाचा घास घ्यायचा नाही, हात धुवायचे, पाणी आपलंच. एवढं सांगेपर्यंत मानसी फाटकाबाहेर.
दोनदा वाढून घेतलं तिने. घरी माझ्या हातची खिचडी सरकवून ठेवते, टवळी.

५ एप्रिल
मानसी रोज जाते. कडेला बसते म्हणून सांगते. काल दुकानाची पाटी वाचली, तीही न विचारता. चुकीची वाचली, पण वाचली.

८ एप्रिल, शुक्र.
दुपारी मानसी डोकं खाजवतेय. धरून उन्हात बसवली. उवा. चांगल्या पोसलेल्या! शाळा बंद झाली तेव्हापासून एक नव्हती या डोक्यात.
म्हटलं, कडेला बसतेस ना गो?
ती अंगठ्याने माती उकरायला लागली.
"कोणाच्या डोक्याला डोकं लावून बसतेस?"
"सोमीबाईच्या ताराच्या. ती गोष्ट सांगते, हळू सांगते, मग जवळ जावं लागतं ना आजी."
फणी घेतली, काढत बसले. गोष्ट कसली, तेही विचारून घेतलं. भुताची.

इतक्यात सु. बाजारातून आली. दारातच थांबली. "काय काढताय, आई?"
मी फणी खाली ठेवली नाही. "उवा."
टोपली उतरवून जवळ आली. वाकून बघितलं, केस बाजूला करून, नीट. मला वाटलं आता पंगत बंद.
"ही एक राहिली," म्हणाली आणि नखावर चिरडली. मग मानसीला, "सोमवारी केस घट्ट बांधून देते."
घट्ट बांधून पंगतीलाच पाठवायची, एवढं मला कळलं. मी फणी परत केसांत घातली.