या आठवड्यात फुलं येणार नाहीत

तार्मा, २८ मार्च १९९४

प्रिय आब्दोन,

आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. मी रजा काढून आले आहे. आई बरी आहे.

ग्लॅडिओलसची खोकी का आली नाहीत, असं तू ट्रकवाल्याकरवी विचारलंस. ईस्टरच्या आठवड्यात लिमातला गाळा रिकामा राहिला म्हणजे तू चिडणारच. पण या आठवड्यातही ती येणार नाहीत. फुलं तोडलेलीच नाहीत.

गारा पडल्या नाहीत, कीडही नाही. आईच म्हणाली, "राहू देत." जन्मभर तिने कळ्या मिटलेल्या असतानाच दांडे तोडले, लिमात पोचून उमलावेत म्हणून. एखादा मळ्यातच उमलला तर आपल्याला बोलणी बसायची. मी रागावले, तर म्हणते, "तुझं लग्न राहिलंच, निदान फुलांना तरी फुलू दे." शेवटी तिची खाट खिडकीशी ओढली.

शेजारच्या सोसिमाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "काय गं मास्तरीणबाई, झोपली होतीस का? सगळा माल वाया घालवलास!"

आतून आई म्हणाली, "झोपलेय मी! तिला कशाला बोलतेस?"

दोघी हसल्या. आईला धाप लागली, ती बराच वेळ उतरली नाही.

'बरी आहे' हे मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं. ती फेब्रुवारीपासून उठलेली नाही. जवाचं पीठ दुधात कालवून दिलं तर दोन चमचे जातं. डॉक्टरांनी औषधं बंद केली. "त्याचा धंद्याचा आठवडा आहे, ईस्टरनंतर कळव," असं तिने मला बजावलंय. तोवर ती राहील असं मला वाटत नाही.

मळा विकण्यावरून तुम्ही भांडलात, तेव्हापासून तुमचं बोलणं म्हणजे ती खोकी. तिने भरायची, तू उघडायची. कोण चुकलं, याचा निवाडा मी करणार नाही.

काल बाहेर उमललेला ग्लॅडिओलस बघत म्हणाली, "इतका लाल असतो होय? आब्दोन रोज हेच बघत असेल, ना?"

मी हो म्हटलं आणि चुलीकडे गेले.

गाळा बंद कर आणि मिळेल त्या गाडीने ये. रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव, तिच्यासमोर नको. आत्ता विचारतेय, कुणाला लिहितेस. रजा वाढवायचा अर्ज आहे, असं सांगितलंय.

तुझी वाट बघत नाही म्हणणाऱ्या आईजवळ बसलेली,
तुझी ताई
एर्मिनिया