शोभाच्या अंगात काय आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
वर्ध्याहून संध्याकाळी परत. गोळ्या मिळाल्या. माझा रिपोर्ट ठीक, विषाणू दबलेला. शोभाची तपासणी पुन्हा निगेटिव्ह. आमच्या जामच्या चौकात उतरून दोघांनी चहा घेतला.
आज नवीनच झालं. दवाखान्यात एक तरुण मॅडम बसल्या होत्या. एचआयव्हीवर संशोधन करतात म्हणे. मला नमस्कार केला आणि खुर्ची पुढे सरकवली ती शोभाला. इतकी वर्षं पेशंट मी, खुर्ची माझी, आणि शोभा बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन. आज बाकावर मी. पिशवीही माझ्याच मांडीवर.

५ नोव्हेंबर, बुधवार
आत काय बोलणं झालं ते शोभानं आज सांगितलं, भाकरी थापता थापता.
माणसाच्या अंगात जन्मापासूनच काही प्रथिनं असतात. लाळेत, रक्तात, बाईच्या आतल्या ओलाव्यात. काही बायांमधली अशी प्रथिनं या विषाणूला पेशीत शिरू देत नसतील, असा मॅडमचा अंदाज. सापडली तर त्यावरून औषध करता येईल, बायांना आधीच लावून ठेवायचं. लागणच होणार नाही.
"मी इचारलं, प्रोटीन म्हंजे तुरीच्या दाळीतलं का? लय हासल्या त्या."
मी म्हटलं, "मी गोळ्या घेतो म्हणून तू वाचली."
"आताचं नाई म्हणून राह्यल्या त्या. आधीचं. तुमाले माहीतच नव्हतं, तवाचं."
आधीचं. म्हणजे मी ट्रकवर टायरचा माल घेऊन हैदराबाद लाइनवर जायचो ती वर्षं. कळलं तेव्हा आमची पोरगी श्रुती बालवाडीत होती. तिघांचं रक्त तपासलं. दोघी स्वच्छ, मी एकटा...


८ नोव्हेंबर, शनि.
नाही म्हणून सांगितलं. घरातली गोष्ट घरात. श्रुती नागपूरला होस्टेलवर, उद्या तिचं लग्न जमवायचंय. जामसारख्या गावात चौकात शिंकलं तरी समुद्रपूरपर्यंत जाते.
शो. म्हणाली, "नाव नाई लिहीत त्या. नंबर टाकतात नुसता."
"तुले काऊन इतकी हौस?"
ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आजपर्यंत मले कोणी इचारलं नव्हतं, तुह्यात काय आहे म्हणून."

१२ नोव्हेंबर, बुध.
गेली. मी सोडायला गेलो, एकटी कशी पाठवणार. माझं दुकान दिवसभर बंद ठेवलं.
दार लावून मॅडम आणि ती. खूप वेळ. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. रक्त घेताना कोण हसते?
परतीच्या एसटीत विचारलं, काय काय विचारलं. म्हणाली, "सगळंच. तवा आपलं कसं होतं, किती येळा, काही वापरत होतो का."
"आन तू सांगितलं?"
"मंग? खोटं सांगू?"
माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही ते वर्ध्याच्या एका पोरीला माहीत. तिच्या कागदावर मी आहे, पण 'नवरा' म्हणून. विषाणू जिथून येत होता ती जागा. बस्स.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
शेजारच्या वेल्डिंगवाल्या राजूनं विचारलं, "भाऊ, वहिनीले काय झालं? वर्ध्याच्या चकरा चालू हाय."
म्हटलं थायरॉइड.
रात्रीची गोळी घेतली. शो. पाणी घेऊन उभी, नेहमीसारखी. तिचा हात पाहिला. मिरची कांडून लाल झालेला, साधा हात. त्यात काय असेल असं जे माझ्यात नाही? आम्ही एकाच ताटात जेवलो, एका गादीवर झोपलो. मला कोणी राखलं नाही आणि तिला तिच्याच अंगानं राखलं.

१६ नोव्हेंबर, रवि.
भांडण. मोठं. लिहू नये, पण लिहितो.
मॅडमचा फोन. "शोभाताई" म्हणतात तिला. शो. अंगणात जाऊन बोलत होती, पदर बोटाला गुंडाळत. लग्नाआधी आमच्या घरी बघायला आणली होती तेव्हा अशी उभी होती. आत आली तर मी बोलून गेलो, "तू वाचली, कारण तू कधी माझी झालीच नाई. तुह्या अंगानंसुद्धा मले बाहेरच ठेवलं."
ती उभीच राहिली. मग अगदी हळू बोलली.
"तुमचं नाव घेतलं, घर घेतलं. तुमच्या मायचं हगणंमुतणं काढलं. तुमचा आजारबी सांभाळला, कोणाले कळू नाई देला. तो तेवढा अंगात नाई घेतला. त्याची माफी मागू का आता?"
तिनं पदर कमरेला खोचला.
"आन मी काई दार लावून नाई बसली होती. अंगानं लावलं असन. मले इचारून नाई लावलं."
श्रुतीच्या खोलीत झोपली.

२० नोव्हेंबर, गुरु.
बोलणं कामापुरतं. आज बसनं गिरडला जाऊन आली, एकटीच. आजार कळला त्या वर्षापासून टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात जाते, आपण वाचलो ते बाबामुळं असं म्हणते. प्रसादाची रेवडी माझ्या टेबलावर ठेवली.
म्हटलं, "मॅडमले सांगितलं का बाबाचं?"
"सांगितलं. त्या म्हणे, तेबी लिहून घेते."
हसू आलं मला. तिलाही आलं असावं, पाठ वळवली तिनं.

२७ नोव्हेंबर, गुरु.
मी एकटाच वर्ध्याला. माझी तारीख नव्हती. मॅडमना भेटलो.
विचारलं, "माझ्यात नसतात का ती प्रथिनं?"
म्हणाल्या, "असतात काका. सगळ्यांतच असतात, कमी-जास्त. आणि शोभाताईंचं कारण तेच आहे, असंही अजून म्हणता येत नाही. निव्वळ नशीब असू शकतं."
नशीब! बाहेर आल्यावर चांगल्या दोन कचोऱ्या खाल्ल्या. हलकं वाटत होतं. नशिबाचा हेवा करता येतो, पण त्याची ठणक इतकी नसते. घरी सांगितलं नाही.

४ डिसेंबर, गुरु.
आज मॅडमनी तिला फोनवर सांगितलं. पहिल्या नमुन्यात वेगळं असं ठळक काही दिसलं नाही. अजून नमुने लागतील, मगच काही कळेल. पण तिनं पुढचं ऐकलंच नाही बहुतेक.
फोन ठेवला आणि गॅसजवळ जाऊन उभी राहिली. गॅस पेटवला नव्हता.
"म्हंजे मह्यात काई नाई," म्हणाली.
मला जे पाहिजे होतं तेच झालं. मग बरं वाटायला पाहिजे होतं.
चहा मी केला. तिनं अर्धा ठेवला.

९ डिसेंबर, मंगळ.
शो. भाजीत मीठ विसरली. मॅडमचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. श्रुतीनं नागपूरहून फोनवर मला विचारलं, आईला काय झालंय. काय सांगू? एवढंच म्हटलं, तिला कोणीतरी खुर्ची दिली होती.
पोरीला काही कळलं नाही. बरंच झालं.

१५ डिसेंबर, सोम.
आज दुसऱ्या नमुन्याची तारीख. सकाळी मीच गाडी पुसली, हेल्मेट काढून ठेवलं. थंडी खूप. शो. ओसरीवर तूर पाखडत होती.
म्हटलं, "चाल. उशीर होईल."
"कशाले? काई निघालं नाई."
"एकदा पाहून काय समजते? मॅडमच म्हणे ना, आणखी पाह्यलं पाह्यजे."
तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, किती दिवसांनी.
"आन निघालं तर? मंग सहन होईन तुमाले?"
खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो.
"नाई होणार," म्हटलं. "चाल तरी."
ती उठून आत गेली. दार लोटून घेतलं. मी गाडी सुरू करून अंगणात उभा राहिलो. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग साडीची घडी झटकल्याचा.